वाइडबँड आरएफ ॲम्प्लिफायर म्हणजे काय? साधं सर्किट स्वतः कसं डिझाइन करायचं?

चिंतामणीच्या आगमनाला चिंचपोकळीच्या पुलाखाली उभं राहून कधी व्हिडिओ पाठवायचा प्रयत्न केलाय? मोबाईलवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, पण व्हिडिओ काही जात नाही. मग कुणीतरी सांगतं, "एक सिग्नल बूस्टर घे, सगळं नीट होईल." खरंच होईल का?

याचं उत्तर नीट समजायचं तर त्या बूस्टरच्या आत काय असतं ते आधी समजून घ्यावं लागेल. त्याच्या पोटात असतो वाइडबँड आरएफ ॲम्प्लिफायर. तुमच्या मोबाईलमध्ये असे छोटे ॲम्प्लिफायर असतात आणि नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीतही असतात. या लेखात आपण हा ॲम्प्लिफायर काय करतो ते पाहू, एक साधं सर्किट आकडेमोडीसकट डिझाइन करू, आणि तो कुठे उपयोगी नाही हेही पाहू. गणित फक्त गुणाकार-भागाकाराचं आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आरएफ ॲम्प्लिफायर म्हणजे काय?

आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी. अँटेनावर येणारा रेडिओ सिग्नल फार बारीक असतो, बऱ्याचदा काही मायक्रोव्होल्ट. तो सिग्नल त्याचा आकार न बिघडवता मोठा करणारं सर्किट म्हणजे आरएफ ॲम्प्लिफायर.

याचे ढोबळ दोन प्रकार आहेत:

- ट्यून केलेला ॲम्प्लिफायर: एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या आसपास चालतो. बाकीचे सिग्नल तो जवळपास आत घेतच नाही.
- वाइडबँड ॲम्प्लिफायर: मोठ्या पट्ट्यातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच प्रमाणात मोठ्या करतो. उदाहरणार्थ, २ ते ३० मेगाहर्ट्झ.

लोकलच्या भाषेत सांगायचं तर पहिला म्हणजे पास बघून एकालाच आत सोडणारा दरवाजा, आणि दुसरा म्हणजे जो येईल त्याला आत घेणारा जनरल डबा. वाइडबँडची ताकद आणि त्याची अडचण, दोन्ही इथेच आहेत. हवा असलेला सिग्नल मोठा होतो, त्याच्याबरोबर नको असलेलाही मोठा होतो.

चार शब्द आधी समजून घ्या

१) गेन: सिग्नल किती पट मोठा झाला. तो डेसिबलमध्ये मोजतात. व्होल्टेज ४ पट झालं तर गेन साधारण १२ डेसिबल, १० पट झालं तर २० डेसिबल. ५० ओहमला जोडलेल्या सर्किटमध्ये व्होल्टेज ४ पट म्हणजे पॉवर १६ पट.

२) इम्पीडन्स: रेडिओच्या जगात बहुतेक केबल आणि उपकरणं ५० ओहमची असतात. ॲम्प्लिफायरचं इनपुट आणि आउटपुटही ५० ओहमच्या जवळ असेल तर सिग्नल परत न फिरता पुढे जातो.

३) बँडविड्थ: ज्या पट्ट्यात गेन साधारण सारखा राहतो तो पट्टा.

४) नॉइज: प्रत्येक सर्किट स्वतःची थोडी खरखर सिग्नलमध्ये मिसळतं. ॲम्प्लिफायर आलेली खरखरही मोठी करतो आणि वर स्वतःची भर घालतो. म्हणून सिग्नल आणि खरखर यांचं प्रमाण ॲम्प्लिफायरमुळे कधीच सुधारत नाही. मग तो लावायचा कशाला? तर पुढचा रिसीव्हर स्वतःच खूप खरखर करत असेल, तर त्याच्या खरखरीच्या वर सिग्नल उचलून धरण्यासाठी.

१९२७ सालची एक कल्पना

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्यानंतर दहाच दिवसांनी, २ ऑगस्ट १९२७ ला, अमेरिकेत हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅब्जचा तरुण इंजिनिअर हडसन नदीतल्या फेरीबोटीने कामावर निघाला होता. टेलिफोनच्या लांब लाइनवरचे ॲम्प्लिफायर आवाज बिघडवतात, हा प्रश्न त्याला कित्येक वर्षं छळत होता. बोटीत बसल्या बसल्या त्याला उपाय सुचला आणि त्याने तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच लिहून काढला.

उपाय असा: आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. गेन कमी होतो, पण त्या बदल्यात तीन गोष्टी मिळतात. बिघाड कमी होतो, बँडविड्थ वाढते, आणि ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरच्या मूडवर न चालता रेझिस्टरच्या किमतीवर चालतो. आपलं सर्किटही याच कल्पनेवर उभं आहे.

आपलं टार्गेट काय?

डिझाइन करायला बसण्याआधी काय हवंय ते कागदावर लिहा. आपलं असं:

- काम: फक्त ऐकण्यासाठी, म्हणजे अँटेना आणि रिसीव्हरच्या मध्ये
- पट्टा: साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे शॉर्टवेव्ह
- गेन: सुमारे १२ डेसिबल
- इनपुट आणि आउटपुट: ५० ओहम
- सप्लाय: ९ व्होल्ट बॅटरी

शॉर्टवेव्हच का? कारण ३० मेगाहर्ट्झपर्यंत साधा, स्वस्त ट्रान्झिस्टर चालतो आणि हाताने केलेलं सोल्डरिंगही चालून जातं. शिवाय आता ओटीजी केबलने मोबाईलला जोडायचे एसडीआर डोंगल मिळतात, त्यातल्या काहींवर शॉर्टवेव्ह ऐकता येतं. संध्याकाळनंतर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास हॅम मंडळींच्या गप्पा आणि दूरदेशीची स्टेशनं सापडतात.

ट्रान्झिस्टर कोणता?

आपण पीएन२२२२ए घेऊ. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सुट्या पार्ट्सच्या दुकानात सहज मिळतो. चिंचपोकळीहून बस किंवा टॅक्सीने ग्रँट रोड स्टेशन गाठलं की तिथून चालत जाता येतं.

आरएफसाठी ट्रान्झिस्टर निवडताना त्याच्या डेटाशीटमध्ये एक आकडा बघायचा: ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी. ज्या फ्रिक्वेन्सीला ट्रान्झिस्टरचा करंट गेन फक्त १ उरतो ती ही फ्रिक्वेन्सी. पीएन२२२२ए साठी ती किमान ३०० मेगाहर्ट्झ आहे. मग ३० मेगाहर्ट्झला करंट गेन किती उरेल? ३०० भागिले ३०, म्हणजे १०. डीसीला शंभराच्या वर असलेला गेन तिथे दहावर येतो. म्हणून या ट्रान्झिस्टरकडून ३० मेगाहर्ट्झच्या फार वर अपेक्षा ठेवू नका.

पायरी १: दोन महत्त्वाचे रेझिस्टर

या सर्किटचा जीव दोन रेझिस्टरमध्ये आहे:

- फीडबॅक रेझिस्टर: कलेक्टरपासून बेसपर्यंत
- एमिटर रेझिस्टर: एमिटरच्या वाटेत

इनपुट आणि आउटपुट दोन्ही ५० ओहम हवे असतील तर नियम एवढाच आहे:

फीडबॅक रेझिस्टर × एमिटर रेझिस्टर = ५० × ५० = २५००

आणि व्होल्टेज गेन किती मिळेल ते असं काढायचं:

गेन = (फीडबॅक रेझिस्टर ÷ ५०) − १

आता वेगवेगळे आकडे घालून बघू:

- फीडबॅक १५० ओहम घेतला तर गेन २ पट (६ डेसिबल), एमिटर १६.७ ओहम
- फीडबॅक २७० ओहम घेतला तर गेन ४.४ पट (साधारण १३ डेसिबल), एमिटर ९.३ ओहम
- फीडबॅक ५६० ओहम घेतला तर गेन १०.२ पट (साधारण २० डेसिबल), एमिटर ४.५ ओहम

तिसरा पर्याय बघून मोह होतो ना? पण गेन वाढवला की फीडबॅक कमी होतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला ट्रान्झिस्टरचा दम आधीच संपतो. बँडविड्थ जाते, बिघाड वाढतो. म्हणून मधला २७० ओहमचा पर्याय घेऊ.

पायरी २: करंट किती ठेवायचा?

ट्रान्झिस्टरच्या आत एमिटरचा स्वतःचा एक छोटा रेझिस्टन्स असतो. तो साधारण २६ भागिले मिलिअँपिअरमधला करंट, इतका. करंट २० मिलिअँपिअर ठेवला तर तो १.३ ओहम होतो. आपल्याला एकूण ९.३ ओहम हवेत. ९.३ मधून १.३ वजा केले की उरले ८ ओहम. बाजारात मिळणारी जवळची किंमत ८.२ ओहम. तोच घ्यायचा.

करंट जास्त ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. २० मिलिअँपिअर करंट ५० ओहमच्या लोडवर जास्तीत जास्त १ व्होल्टपर्यंतचं शिखर देऊ शकतो, म्हणजे साधारण १० मिलिवॅट. त्याच्या पुढे ॲम्प्लिफायर सिग्नल कापायला लागतो. करंट २ मिलिअँपिअरवर आणला तर बॅटरी जास्त दिवस जाईल, पण जोरदार स्टेशन आलं की ॲम्प्लिफायर लगेच गुदमरेल. मुंबईत हे परवडणारं नाही. का ते पुढे येईलच.

पायरी ३: बायसिंग

ट्रान्झिस्टरला २० मिलिअँपिअरवर स्थिर ठेवायचं आहे. त्यासाठी ८.२ ओहमच्या खाली आणखी एक १०० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडू. या १०० ओहमला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावायचा. डीसीला एकूण १०८ ओहम दिसतील, पण रेडिओ सिग्नलला फक्त ८.२ ओहमच.

एमिटरचं व्होल्टेज: २० मिलिअँपिअर × १०८ ओहम = साधारण २.२ व्होल्ट.
बेसचं व्होल्टेज: त्यात ०.७ मिळवा, म्हणजे २.९ व्होल्ट.

हे व्होल्टेज देण्यासाठी दोन रेझिस्टरचा डिव्हायडर: वर २.७ किलोओहम, खाली १.५ किलोओहम. बेसचा करंट साधारण ०.२ मिलिअँपिअर, आणि डिव्हायडरमधून वाहतात सुमारे २ मिलिअँपिअर, म्हणजे दहापट. त्यामुळे ट्रान्झिस्टर बदलला तरी करंट फारसा हलत नाही.

ट्रान्झिस्टरवर साधारण साडेसहा व्होल्ट पडतात. २० मिलिअँपिअरने गुणलं की ०.१३ वॅट. पीएन२२२२ए ची मर्यादा ०.६२५ वॅट आहे, म्हणजे तो कोमट होईल, जळणार नाही.

पायरी ४: चोक आणि कपॅसिटर

कलेक्टरला सप्लाय द्यायचा, पण सिग्नल सप्लायमध्ये पळून जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी १०० मायक्रोहेन्रीचा चोक. १ मेगाहर्ट्झलाच त्याचा अडथळा ६२८ ओहम होतो, ५० ओहमच्या मानाने बराच मोठा.

फीडबॅक रेझिस्टरच्या लाइनमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, नाहीतर कलेक्टरचं डीसी थेट बेसवर येईल आणि बायसिंग बिघडेल. आउटपुटलाही ०.१ मायक्रोफॅरड.

इनपुटला मात्र मुद्दाम लहान, १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्यामुळे साधारण १.६ मेगाहर्ट्झच्या खालचे सिग्नल कमी होत जातात. आकाशवाणी मुंबईच्या मध्यमलहरीच्या ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ या फ्रिक्वेन्सी त्याने साधारण १० आणि ५ डेसिबलने दबतात. फुकटातला छोटा फिल्टर!

सामानाची यादी

- पीएन२२२२ए ट्रान्झिस्टर: १
- रेझिस्टर: ८.२ ओहम, १० ओहम, १०० ओहम, २७० ओहम, १.५ किलोओहम, २.७ किलोओहम, १०० किलोओहम (प्रत्येकी १)
- सिरॅमिक कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड: ४
- सिरॅमिक कपॅसिटर १ नॅनोफॅरड: १
- सिरॅमिक कपॅसिटर १०० पिकोफॅरड: २ (फिल्टरसाठी)
- इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट: १
- चोक १०० मायक्रोहेन्री: १
- एनॅमल तांब्याची तार, कोरं कॉपर क्लॅड बोर्ड, दोन कनेक्टर, ९ व्होल्टची बॅटरी

१० ओहमचा रेझिस्टर बॅटरीच्या प्लस लाइनमध्ये येतो. त्याच्या पुढे, म्हणजे सर्किटच्या बाजूला, ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ग्राउंडला जोडायचे. चोक आणि डिव्हायडर या बिंदूपासून पुढे निघतात. १०० किलोओहम अँटेनाच्या टोकापासून ग्राउंडला लावायचा, म्हणजे तारेवर साचणारी स्थिर वीज हळूहळू उतरून जाते.

पायरी ५: मुंबईत फिल्टर लागतोच

इंटरनेटवरचं सर्किट जसंच्या तसं बनवलं आणि चिंचपोकळीत गच्चीवर लावलं तर बहुतेकांना एकच अनुभव येतो: सगळीकडे एफएमची गाणी! असं का होतं?

शहरात एफएम स्टेशनांचा सिग्नल प्रचंड जोरदार असतो. वाइडबँड ॲम्प्लिफायर तो आत घेतो, ट्रान्झिस्टर थोडासा गुदमरतो, आणि मग दोन स्टेशनं आतल्या आत मिसळून तिसरंच भूत तयार होतं. मुंबईतलं उदाहरण घ्या. ९८.३ आणि ९१.१ मेगाहर्ट्झ. दोन्हींची वजाबाकी केली तर येतात ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपण जिथे हॅम मंडळींना शोधणार होतो नेमकं तिथेच. हवेत त्या जागी काहीच नसतं, ते स्टेशन आपल्याच ॲम्प्लिफायरने तयार केलेलं असतं. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात.

एकदा भूत तयार झालं की नंतर लावलेला फिल्टर काही करू शकत नाही. म्हणून फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधी लागतो. ३० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं अडवणारा हा साधा फिल्टर:

- सिग्नलच्या वाटेत एक कॉइल, साधारण ०.५३ मायक्रोहेन्री
- कॉइलच्या दोन्ही टोकांना ग्राउंडकडे १०० पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर

कॉइल घरीच गुंडाळता येते. साध्या पेन्सिलवर तांब्याच्या तारेचे १२ वेढे, एकमेकांपासून थोडे सुटे, एकूण लांबी १२ मिलिमीटर. पेन्सिल काढून घ्या, कॉइल तयार. हा फिल्टर १०० मेगाहर्ट्झला साधारण ३० डेसिबल अडवतो, म्हणजे एफएमची पॉवर हजारपट कमी करतो.

महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी रेडिओ यंत्रणाही याच वाटेने जाते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळची जीएमआरटी ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्याच्या केंद्राने उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. सुरुवातीला तिची बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झ होती. नंतरच्या अपग्रेडमध्ये नवे वाइडबँड रिसीव्हर बसवून ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेली. पण तिथेही पूर्ण पट्टा एकाच ॲम्प्लिफायरवर सोडलेला नाही. १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ असे वेगवेगळे पट्टे आहेत आणि फिल्टरही आहेत. वाइडबँड म्हणजे वाट्टेल तेवढा रुंद नाही, तर गरजेपुरता रुंद.

जोडणी करताना

ब्रेडबोर्ड विसरा. त्याच्या पट्ट्यांमध्ये लपलेला कपॅसिटन्स असतो आणि लांब वायरी तर असतातच. १ सेंटिमीटर वायर म्हणजे साधारण १० नॅनोहेन्री. ३० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा जवळपास २ ओहम. आपला एमिटर रेझिस्टरच ८.२ ओहमचा आहे, म्हणजे एमिटरला दोन सेंटिमीटरची वायर ठेवली तर अर्धं डिझाइन वायरनेच बदललं!

म्हणून कोऱ्या कॉपर बोर्डला ग्राउंड समजा, ग्राउंडला जाणारे पाय थेट त्यावर सोल्डर करा, आणि बाकीचे सांधे हवेतच आखूड पायांनी जोडा. दिसायला कोळ्याचं जाळं दिसेल, पण काम चोख करेल. इनपुट एका टोकाला, आउटपुट दुसऱ्या टोकाला ठेवा. दोन्ही जवळ आले तर ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारायला लागतो, म्हणजे ऑसिलेट होतो.

एक सापळा: पीएन२२२२ए ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. पण पी२एन२२२२ए नावाचा भाऊ आहे, त्याचे पाय नेमके उलटे: कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानात दोन्ही "बावीस बावीस" म्हणूनच मिळतात. अंगावर छापलेलं नाव वाचल्याशिवाय सोल्डर करू नका.

तपासणी

अँटेना न लावता बॅटरी जोडा आणि मल्टिमीटरने बघा:

- एमिटर: साधारण २.२ व्होल्ट
- बेस: साधारण २.९ व्होल्ट
- कलेक्टर: साधारण ८.७ व्होल्ट
- बॅटरीतून एकूण करंट: २२ ते २४ मिलिअँपिअर

कलेक्टर शून्य असेल तर चोक तुटलेला आहे किंवा सांधा कोरडा आहे. बेस आणि एमिटरमध्ये ०.७ व्होल्टचा फरकच नसेल तर बहुतेक ट्रान्झिस्टर गेलाय. करंट ठीक आहे पण हात जवळ नेला की बदलतो, तर सर्किट ऑसिलेट होतंय. वायरी आखूड करा.

मित्राकडे नॅनोव्हीएनए असेल तर गेनचा आलेखही काढता येईल. फक्त ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला २० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावून मगच जोडा, म्हणजे यंत्राच्या इनपुटवर भार येणार नाही.

पण तुम्हाला ॲम्प्लिफायर खरंच हवाय का?

बनवण्याआधी ही चाचणी करा. पैसे आणि वेळ वाचेल. रिसीव्हर शॉर्टवेव्हच्या रिकाम्या जागी लावा, जिथे कुठलंही स्टेशन नाही. आता अँटेना काढा.

- खरखर लगेच कमी झाली? म्हणजे खरखर बाहेरून येतेय, रिसीव्हर पुरेसा चांगला आहे. ॲम्प्लिफायरने काहीही फायदा होणार नाही.
- खरखर तशीच राहिली? म्हणजे रिसीव्हरची स्वतःची खरखर जास्त आहे. इथे ॲम्प्लिफायर मदत करेल.

चाळीत किंवा टॉवरमध्ये राहणाऱ्यांना बहुतेक वेळा पहिलंच उत्तर मिळतं. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टच्या मोटरी आणि शेजारून जाणाऱ्या लोकलच्या पेंटोग्राफच्या ठिणग्या, हे सगळे शॉर्टवेव्हवर खरखर करतात. अशा वेळी अँटेना घरातल्या वायरिंगपासून लांब नेणं हा ॲम्प्लिफायरपेक्षा चांगला इलाज आहे. आणि सर्किटला स्वस्त ॲडाप्टर लावू नका, बॅटरीच वापरा. ॲडाप्टरची खरखरही इमानदारीत मोठी होऊन बाहेर येते!

एफएमच्या वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी काय?

तिथे सुटा ट्रान्झिस्टर सोडून एमएमआयसी वापरतात. एमएमआयसी म्हणजे फीडबॅकसकट संपूर्ण ॲम्प्लिफायर एकाच चिपमध्ये. बाहेरून फक्त दोन कपॅसिटर, एक चोक आणि एक बायस रेझिस्टर लागतो. उदाहरण म्हणून एमएआर-६ घ्या. त्याला ३.५ व्होल्टवर १६ मिलिअँपिअर लागतात. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर (९ − ३.५) ÷ ०.०१६ = ३४४, म्हणजे ३३० ओहमचा रेझिस्टर. तो २ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो. फक्त तिथे १ सेंटिमीटर वायरसुद्धा शंभर ओहमच्या वर अडथळा करते, म्हणून व्यवस्थित पीसीबी आणि एसएमडी पार्ट्सच हवेत.

हे मात्र करू नका

- ट्रान्समिट करू नका. हे सर्किट फक्त ऐकण्यासाठी आहे. वॉकी-टॉकी किंवा कुठल्याही ट्रान्समीटरला ॲम्प्लिफायर जोडून प्रसारण करायला परवाना लागतो. आवड असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या, मग कायदेशीरपणे हवेत बोलता येतं.
- मोबाईल बूस्टर लावू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय रिपीटर बसवणं गुन्हा आहे. हा नियम कागदापुरता नाही. बिघडलेला बूस्टर मोबाईल टॉवरच्या रिसीव्हरमध्ये खरखर ओततो. तुमच्या घरात कांड्या वाढतील, पण अख्ख्या वाडीत कुणाचा तरी फोन लागणार नाही. तो फोन अ‍ॅम्ब्युलन्ससाठीही असू शकतो.
- रुळांच्या बाजूला तार टाकू नका. लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. स्पर्श लागतोच असं नाही, जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. गच्चीवरची अँटेना वाऱ्याने सुटली तरी रुळांच्या दिशेला पडणार नाही अशीच बांधा.
- पावसाळ्यात विजा चमकत असताना अँटेना काढून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आगमनाच्या गर्दीत ॲम्प्लिफायरने नेट चालेल का?*
नाही. तिथे सिग्नल कमी नसतो, जागा कमी असते. एका टॉवरच्या ठरावीक जागेत हजारो फोन एकाच वेळी घुसू बघतात. फलाट भरलेला असताना अनाउन्समेंटचा आवाज वाढवून गाडीत जागा होत नाही, तसंच हे. व्हिडिओ शूट करून ठेवा आणि गर्दीतून थोडं बाहेर आल्यावर पाठवा.

*बीसी५४७ वापरला तर?*
बायसिंगचं गणित तेच राहतं आणि प्रयोगासाठी चालेल. पण पाय वेगळे आहेत, आणि २० मिलिअँपिअरला पीएन२२२२ए जास्त निवांत असतो.

*दोन ॲम्प्लिफायर एकापुढे एक लावू का?*
गेन २५ डेसिबलच्या आसपास जाईल, पण दुसरा टप्पा लगेच गुदमरेल. शहरात एकच पुरे.

*लांब तारेची अँटेना ५० ओहमची असते का?*
नाही, फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलत राहते. सुरुवातीला थेट लावून बघा. पुढे ९:१ चा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की जमवाजमव सुधारते.

थोडक्यात

दोन रेझिस्टरचा गुणाकार २५००, करंट २० मिलिअँपिअर, वायरी आखूड, आणि फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधी. एवढं लक्षात ठेवलं तर पहिलाच प्रयत्न जमण्याची शक्यता भरपूर आहे. आणि सगळ्यात आधी अँटेना काढून बघायची ती चाचणी करा. ॲम्प्लिफायर लागणारच नाही असं कळलं, तर तेही शिकणंच झालं. त्या पैशात लांब केबल घ्या आणि अँटेना गच्चीवर, दिव्यांपासून आणि रुळांपासून दूर न्या.